मामांसाठी साइडकार

स्कूटरला साइडकार जोडली की ती स्कूटर वाकवता येत नाही, ही गोष्ट मला साइडकार जोडून झाल्यावर समजली. जोडली तीही नटबोल्टाने नव्हे, चांगली वेल्डिंग मारून.

आता स्कूटर वाकवायचीच कशाला, असं कोणी विचारेल. ज्यांनी नव्वदच्या दशकात जुनी स्कूटर वापरली आहे ते विचारणार नाहीत, बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा आमच्या दौंडात कामावर निघणारा प्रत्येक गृहस्थ आधी स्कूटर स्टँडवरून काढायचा. मग तिला इंजिनाच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, जमिनीला टेकेल इतकी वाकवायचा, मनात दहापर्यंत आकडे मोजायचा, तिला सरळ करायचा आणि किक मारायचा. असं केलं की पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत नीट पोचतं म्हणत. खरंखोटं कोणी तपासलं नव्हतं. सकाळी आठच्या सुमाराला आमच्या गल्लीत दहा-बारा स्कूटरी एकदम आडव्या व्हायच्या. नव्या पाहुण्याला वाटायचं, इथं रोज कवायत असते.

मी कुरकुंभच्या एका औषधाच्या कारखान्यात मेंटेनन्स फिटर. माझे सासरे शिरूरचे, एसटीत ड्रायव्हर. त्यांना मी मामा म्हणतो. मामांच्या आख्ख्या नोकरीत त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती, आणि हे मामींनी मला लग्न ठरतानाच सांगून ठेवलं होतं. माझी कीर्ती वेगळी. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, मोटरसायकलवर बसवून शिरूरला निघालो. पाटसच्या पुढे एका गतिरोधकावर ती उतरली (ती ‘पडले’ म्हणते) आणि मी थेट चौफुल्यापर्यंत तिच्याशी बोलत गेलो. ती काहीच उलट बोलत नाही म्हणून मनातून खूशही होतो.

मामांना हे कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, “पोरगी दिली, ती काय आता माघारी मागता येत न्हाई. पण जावईबापू, मी तुमच्या गाडीवर बसायचा न्हाई.”

आणि नऊ वर्षं बसले नाहीत. दौंडला आले की मी स्टँडवर गाडी घेऊन हजर. मामा मला “जय भीम” करायचे, तब्येत विचारायचे आणि पिशवी काखेत मारून चालायला लागायचे. त्यांच्यामागून मी मोकळी गाडी पहिल्या गिअरमध्ये चालवत घरापर्यंत यायचो. लोक बघायचे. मला ते फार लागायचं. माणसाने शिव्या द्याव्यात, पण असं पायी चालू नये.

मग मामांची निवृत्ती जवळ आली. शेवटच्या दिवशी ड्रायव्हरचा डेपोत सत्कार करायचा आणि सगळ्यांनी मिळून त्याला वाजतगाजत घरी सोडायचं, अशी शिरूर डेपोतल्या मंडळींची पद्धत होती. मी मनाशी ठरवलं, त्या दिवशी मामा घरी येतील ते माझ्या गाडीतून. गाडीही कुठली? त्यांचीच. डेपोजवळ घर बांधल्यापासून त्यांची जुनी स्कूटर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून होती.

जेवताना विषय काढला. “मामा, ती स्कूटर मी दौंडला नेऊ का? नवी करून आणतो.”

“जुनी काय वाईट हाय?”

“तुमच्या रिटायरमेंटला तिच्यातनंच तुम्हाला घरी आणायचं म्हणतोय.”

मामांचा घास हातातच राहिला. “मागं बसायचा न्हाई मी.”

“मागं नाही मामा, बाजूला. साइडकार लावतो.”

मामांनी शोभाकडे बघितलं. शोभाने आमटीकडे बघितलं. “बघू,” मामा म्हणाले.

नऊ वर्षांत ‘न्हाई’च्या जागी ‘बघू’ आलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी टेम्पो आणून स्कूटर दौंडला हलवली, न जाणो त्यांचा विचार बदलायचा.

पुढचे दोन महिने आमच्या घरात स्वयंपाक आणि स्कूटर त्याच भांड्यांत चालले. कणीक मळायच्या परातीत कार्बोरेटर भिजत पडला होता आणि चहाच्या गाळणीतून मी पेट्रोल गाळत होतो. (गाळणी नंतर धुऊन ठेवली होती. तरी तो चहा कोणी प्यायलं नाही.) पहिल्या पाळीवरून तीन वाजता सुटलो की घरी येऊन थेट अंगणात बसायचो. समोरच्या घरातले आप्पा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. ते खुर्ची घेऊन समोर बसायचे आणि गाडीला हिरवा कंदील मिळणार की नाही हे रोज सांगायचे. एकदाही हिरवा म्हणाले नाहीत.

इंजिन पूर्ण खोललं आणि पूर्ण बसवलं. एक वॉशर आणि एक स्प्रिंग उरली.

“हे कुठलं?” शोभाने विचारलं.

“जादाचं आहे.”

“कंपनीत पण तुमचं असंच जादाचं उरतं का?”

“तिथं तपासणारा माणूस वेगळा असतो.”

तिने पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी विमा एजंटाला घरी बोलावलं.

पण गाडी सुरू झाली! रीतसर वाकवली, दहा आकडे मोजले, सातव्या किकला फट् करून निळा धूर सोडला आणि सगळी गल्ली बाहेर आली. ती तीसच्या पुढे पळत नव्हती एवढंच. मी सांगितलं, इंजिन अजून मोकळं व्हायचंय. आप्पा म्हणाले, “मालगाडी बी ह्याच्यापेक्षा बरी पळती.” मी लक्ष दिलं नाही. गाडीला एसटीचा असतो तसला लाल रंग दिला. भंगारवाल्याकडून एसटीच्या जुन्या बाकाचा अर्धा तुकडा मिळवला, म्हणजे मामांना बसताना परकं वाटायला नको. त्याला पत्र्याचं अंग केलं, खाली तिसरं चाक बसवलं आणि साइडकार तयार झाली. बाक जरा उंच झाल्यामुळे बसणारा माणूस चालवणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडचं बघू शकायचा. मामांना ते आवडेल असं मला वाटलं.

आता जोडणी. आमच्या कारखान्यात एक साधा नियम असतो. जो पाइप पुढेमागे उघडावा लागणार तिथं बोल्ट, जो कधीच उघडायचा नाही तिथं वेल्डिंग. मी फिटरच्या डोक्याने विचार केला, की मामांना एकदा साइडकारमध्ये बसवायचं ठरलं म्हणजे ठरलं, ती काढायचा प्रश्नच येत नाही. वेल्डिंगला आमच्याच कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा रामप्रवेश आला होता.

“साहब, बोल्ट लगा देते हैं. कल को खोलना पडा तो?”

“खोलना नहीं है.”

“फिर भी, साहब...”

“रामप्रवेश, प्रेशर का लाइन है समझ के मारो.”

त्याने तसंच मारलं. ती वेल्डिंग आजही घट्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला शर्ट घालून मी चाचणीला सज्ज झालो. शोभाला साइडकारमध्ये बसवलं, गल्ली जमली. मी हँडल धरलं आणि सवयीप्रमाणे गाडी उजवीकडे ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली.

“काय करताय?” शोभाने वरून विचारलं.

“वाकवतोय.”

“मी उतरू का?”

ती उतरली. गाडी तरीही तशीच उभी. तीन चाकांवर, भक्कम. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी पायरीवर बसलो.

“आप्पा,” मी म्हणालो, “ही आता वाकत नाही.”

“साइडकार लावल्यावर कशी वाकंल?”

“मग हे आधी नाही का सांगायचं?”

“मला वाटलं, तुला ठाव हाय. तू फिटर.”

ढकलून सुरू करावी म्हटलं, तर धक्का मारला की गाडी सरळ जाण्याऐवजी साइडकारच्या बाजूला वळायची आणि ढकलणारे चौघे अंगणातल्या लिंबाच्या झाडाभोवती फेरी मारून जागेवर यायचे. शेवटी उपाय सापडला. गाडी वाकत नसेल तर साइडकार उचलायची! तिघाचौघांनी तिकडून साइडकार वर उचलली की इकडून स्कूटर आपोआप उजवीकडे कलायची. दहा आकडे, खाली ठेवा, किक. चार दिवस शेजाऱ्यांनी हे हौसेने केलं. पाचव्या दिवसापासून लोक मागच्या बोळातून कामावर जायला लागले.

“अजून आठ दिस हायेत,” शोभा म्हणाली. “कापून बोल्टावर करून घ्या की.”

“नाही.”

“का पण?”

रामप्रवेशने बोल्टाचं सांगितलं होतं, शोभा सांगत होती, आप्पा तर रोज सांगत होते. इतक्या लोकांनी सांगितल्यावर ऐकणं मला जमत नाही. मी म्हणालो, “एकदा सुरू केली की बंदच करायची नाही. दौंडला सुरू, शिरूरला मामांच्या दारात बंद. प्रश्न मिटला.”

निवृत्तीच्या दिवशी सकाळी आप्पा आणि तिघांनी साइडकार शेवटची एकदा उचलली, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि आम्ही निघालो. पाटस, चौफुला, पारगावचा पूल, सगळं तीसच्या वेगाने. बैलगाडीवाले आम्हाला बघून हात करत होते, बरोबरीचे समजून. न्हावऱ्याला शोभा हॉटेलात निवांत मिसळ खात बसली. मी रस्त्याकडेला गाडीवरच, उजव्या हाताने रेस देत आणि डाव्या हाताने चहा पीत. हॉटेलवाला म्हणाला, “पाव्हणं, बंद करा की, दम तरी घ्या.” मी म्हणालो, “दमच घ्यायचा नाही म्हणून तर.” त्याने शोभाकडे सहानुभूतीने बघितलं आणि तिला जादा तर्री वाढली.

डेपोत पोचलो तेव्हा मांडवात सत्कार सुरू झाला होता. मी गेटजवळ उभा राहिलो, गाडी सुरूच. पहिलं भाषण झालं, दुसरं झालं. निळा धूर हळूहळू मांडवात शिरायला लागला. तिसऱ्या वक्त्याने “आमच्या मामांनी” एवढं म्हटलं आणि तो खोकत बसला. एक कंडक्टर धावत आला.

“दाजी, गाडी बंद करा. भाषण ऐकाय येईना.”

“बंद करता येत नाही.”

“का बरं?”

“परत सुरू होत नाही.”

“मग चालू ठिवून काय उपेग?”

मुद्दा बरोबर होता, पण मी हट्टाने रेस देत राहिलो. एवढ्यात मामा बोलायला उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातात माइक होता. दुसऱ्या हातात कागद होता. ते काहीतरी बोलले आणि माझ्या फटफटीखाली ते कोणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी मान वर करून गेटकडे, माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं.

मी चावी फिरवली. मांडव एकदम शांत झाला. मामांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “मी गाडी चालवली. तुम्ही सगळी नीट घरी पोचला. आणखी काय बोलू?” आणि खाली बसले. मला भरून आलं, आणि त्याच क्षणी मी गाडीकडे बघितलं. ती बंद होती.

गळ्यात हार, खांद्यावर शाल, हातात नारळ अशा थाटात मामा बाहेर आले. साइडकारसमोर थांबले. लाल रंगावरून हात फिरवला, एसटीचा बाक दाबून बघितला. दीडशे माणसं मागे उभी. मग मामांनी पाय उचलला आणि ते बसले. नऊ वर्षांनी! शोभाने पदराने डोळे टिपले. मी किक मारली. पुन्हा मारली. पंधरा मारल्या.

आता खरं म्हणजे “मामा, जरा उतरता का” एवढंच म्हणायचं होतं. पण नऊ वर्षांनी बसलेल्या माणसाला उतरा कोणत्या तोंडाने म्हणू? मी चार कंडक्टर हेरले आणि हळूच म्हणालो, “साइडकार जरा वर उचला.”

“मामांसकट?”

“सकट.”

त्यांनी उचलली. मामा हारासह माझ्या बाजूला कलले. मी आकडे मोजायला लागलो, तर दीडशे माणसं मोठ्याने मोजायला लागली. दहा झाले, मामा खाली आले, मी किक मारली. काही नाही. पुन्हा वर. नगरच्या गाडीतले प्रवासी खिडक्यांतून बाहेर लोंबकळले होते, तेही मोजायला लागले. तिसऱ्या वेळी मामांच्या मांडीवरचा नारळ घरंगळत गेटबाहेर गेला आणि एकाने तो पळत जाऊन आणला. चौथ्या वेळी मामा वरूनच, अगदी हळू आवाजात म्हणाले, “खाली ठिवा.”

ते उतरले. मी म्हटलं, संपलं. आता हे पायी निघणार आणि मी मागून गाडी ढकलत जाणार, तीही गोल गोल. मामांनी गळ्यातला हार काढला आणि माझ्या गळ्यात घातला. शाल माझ्या खांद्यावर टाकली. नारळ माझ्या हातात दिला. “धरा जरा. मला हात मोकळं पायजेत.” मग वाकून सीटखाली बघितलं.

“जावईबापू, ह्यो पेट्रोलचा कॉक कुणी बसवला?”

“मी.”

“दांडी एक घर चुकून बसलीय. तुम्ही चालू म्हणताय तवा कॉक निम्मा बंद असतोय.”

“म्हणजे?”

“म्हंजी तुमच्या हातात आल्यापास्नं गाडीला पोटभर पेट्रोलच मिळालं न्हाई.”

“पण मामा, वाकवल्यावर...”

“माझी गाडी कवाच वाकवाय लागली न्हाई.”

मागे दीडशे माणसं होती. त्यातल्या एकानेही हसू आवरलं नाही. मामांनी डेपोतूनच पक्कड मागवली, दांडी काढून नीट बसवली, जरा वेळ थांबले आणि एक किक मारली. एकच. गाडी अशी सुरू झाली, की मला तिचा आवाज ओळखू आला नाही.

“बसा,” मामा साइडकारकडे बोट करून म्हणाले.

“मी?”

“शोभा माझ्यामागं बसंल. तुम्ही तिथं.”

मी उंच बाकावर चढून बसलो. मामांनी हँडल धरलं, गिअर टाकला आणि तसेच थांबले. मागे ताशा सुरू झाला, तरी हे हलेनात.

“मामा, चला की.”

“डबल बेल मारा.”

“बेल नाही बसवली, मामा.”

“मग तोंडानं मारा. एकतीस वर्सं डबल बेल ऐकल्याबिगर मी गाडी हलवली न्हाई.”

“टिंग टिंग,” मी पुटपुटलो.

“माघारच्या माणसाला ऐकू आली पायजे.”

मी सगळ्या डेपोला ऐकू जाईल असा “टिंग टिंग” म्हणून ओरडलो आणि गाडी निघाली. मामांनी घरी जायला मुद्दाम लांबचा रस्ता धरला, आणि तो मोकळा मिळाल्यावर ती पन्नासने पळाली. मामा वाऱ्यावर केस उडवत हसत होते. त्यांना असं हसताना मी कधीच बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि तरी फार बरं वाटत होतं. मामा घरी येत होते, मी नवी केलेल्या गाडीवरून. बसायच्या जागा तेवढ्या बदलल्या होत्या.

घराजवळ मामींनी आळीतल्या बायका जमवल्या होत्या. हार, शाल आणि नारळ दिसला तिकडे त्यांनी फुलं उधळली. एक म्हातारी माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “एवढ्या तरण्यापणी रिटायर झाला, बाबा? तब्येत बरी न्हाई का?” शोभा मागच्या सीटवर हसून हसून खाली पडायची बाकी राहिली होती.

त्या दिवशी काढलेला फोटो मामांनी मोठा करून पुढच्या खोलीत लावला आहे. नवा पाहुणा आला की फोटो बघून विचारतो, “सत्कार कुणाचा होता?”

मामा सुपारी कातरत सांगतात, “आमच्या जावयांचा. त्या दिशी ते ड्रायव्हिंगमधनं रिटायर झाले.”

मी शेजारीच चहा घेत असतो. पाहुणा माझं अभिनंदन करतो, आणि मीही कप खाली ठेवून हात जोडून आभार मानतो.